नाशिकमध्ये प्रो-रेसलिंग कंपनी काढायची? आधी हा हिशेब मांडा

टीव्हीवरची प्रो-रेसलिंग, म्हणजे निकाल आधीच ठरवून रंगवलेल्या लढती, बघत वाढलेली एक अख्खी पिढी आता तिशी-चाळिशीत आहे. हातात थोडा पैसा आहे, दोन-चार पैलवान ओळखीचे आहेत, आणि ‘आपण नाशिकमध्ये असं काही का करू नये’ हा विषय गंगापूर रोडवरच्या कुठल्याही टपरीवर निघू शकतो. इव्हेंटवाल्यांचे हिशेब बघत असल्यानं हा प्रश्न माझ्यापुढे वरचेवर येतो. नवी कंपनी नफ्यात येऊ शकते, पण गेटवर जमलेल्या पैशातून नाही. शो व्हायच्या आधी पैसे मोजणारा कुणीतरी लागतो. अमेरिकेत तो टीव्ही चॅनल असतो. नाशिक जिल्ह्यात ती यात्रा कमिटी असू शकते. तो माणूस सापडला नसेल, तर रिंगची ऑर्डर देऊ नका.

पायरी १ : मोठ्यांच्या घरात पैसा कुठून येतो ते बघा

गेल्या काही वर्षांतलं ठळक उदाहरण अमेरिकेतल्या ऑल एलिट रेसलिंगचं, म्हणजे एईडब्ल्यूचं. २०१९ च्या १ जानेवारीला टोनी खान यांची ही कंपनी जाहीर झाली. वडील शाहिद खान हे जॅक्सनव्हिल जॅग्वार्स आणि फुलहॅम या क्लबांचे मालक, त्यामुळे खिसा खोल होता. तरीही क्रम बघा. पहिला मोठा शो २५ मे २०१९ ला लास व्हेगासमध्ये झाला आणि त्याच महिन्यात टीएनटी वाहिनीशी करार जाहीर झाला. ऑक्टोबरपासून दर आठवड्याचा कार्यक्रम सुरू. २०२३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममधल्या शोला ८१,०३५ प्रेक्षकांचा आकडा कंपनीनं जाहीर केला. पण वेम्बली काही दर आठवड्याला भरत नाही. २०२४ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीबरोबर जो नवा करार झाला, त्याची रक्कम वर्षाला सरासरी १८.५ कोटी डॉलरच्या आसपास असल्याचं छापून आलं. या धंद्याचा कणा तो आहे. डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘रॉ’साठी नेटफ्लिक्सनं १० वर्षांचे ५ अब्ज डॉलर कबूल केले, तेही त्याच हिशेबानं.

हा कणा मोडला की काय होतं, त्याचीही उदाहरणं आहेत. ईसीडब्ल्यू या अमेरिकेतल्या छोट्या कंपनीचे प्रेक्षक कमालीचे निष्ठावान होते, छोटे हॉल दणाणून सोडायचे. २००० साली टीव्हीवरचा कार्यक्रम बंद पडला आणि २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. टर्नर समूहाची डब्ल्यूसीडब्ल्यू तर एके काळी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) पुढे होती. २००१ मध्ये टर्नरच्या वाहिन्यांनी प्रक्षेपण थांबवलं आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या विन्स मॅकमहॉन यांनी तिला किरकोळ भावात उचललं.

आपल्याकडचे प्रयोगही फार लांबचे नाहीत. अमेरिकेच्या टीएनए या रेसलिंग कंपनीनं पुण्यात बालेवाडीला ‘रिंग का किंग’ चित्रित केलं. २०१२ च्या जानेवारीपासून ते कलर्सवर दिसलं आणि एका मोसमात आटोपलं. खऱ्या कुस्तीची प्रो रेसलिंग लीग २०१५ ला धडाक्यात सुरू झाली, पण २०१९ च्या मोसमानंतर काही वर्षं तिचं नावही ऐकू आलं नाही. डब्ल्यूडब्ल्यूई गाजवलेल्या ‘द ग्रेट खली’नं २०१५ मध्ये जालंधरला सुरू केलेली सीडब्ल्यूई ही कंपनी मात्र वेगळ्या रस्त्यानं गेली. तिथं शोइतकंच महत्त्व प्रशिक्षणाला आहे. तिथं शिकलेली कविता देवी पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत पोचली. खालच्या हिशेबात हे जालंधरचं उदाहरणच कामाला येणार आहे.

पायरी २ : निकाल ठरलेला असतो, हे आधीच सांगून मोकळे व्हा

महाराष्ट्रात ही पायरी चुकवली तर पुढच्या सगळ्या फुकट. आपला प्रेक्षक लाल मातीतला आहे. निकाली कुस्ती कशी असते ते त्याला कळतं आणि ‘नुरा’ (आधीच ठरवून खेळलेली कुस्ती) दिसली की तो आखाड्यावर चपला फेकतो. हर्षवर्धन सदगीरनं २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्र केसरीची गदा नाशिकला आणली, तेव्हा गावोगावच्या तालमींत पेढे वाटले गेले. त्या लोकांसमोर ठरवलेली लढत खरी म्हणून विकायला गेलात तर दुसऱ्या शोला तुम्हीच रिंगमध्ये आणि तुम्हीच खुर्चीत.

म्हणून पोस्टरवर, माइकवर, परवानगीच्या अर्जात, सगळीकडे ‘मनोरंजनाचा कार्यक्रम’ असंच लिहा. यात कमीपणा नाही. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनं न्यू जर्सीच्या सिनेटसमोर स्वतःहून कबूल केलं होतं की आमचा कार्यक्रम म्हणजे मनोरंजन आहे. त्यामुळे क्रीडा आयोगाची देखरेख आणि त्यासोबतचा कर, दोन्हीतून सुटका होणार होती. खरं बोलण्यानं पैसे वाचतात, असं क्वचित होतं.

‘केसरी’ हा शब्द आणि चांदीची गदा, या दोन गोष्टींना हात लावू नका. मैदानात घाम गाळून मिळवायच्या वस्तू आहेत त्या. पट्टा बनवा, हवं तर फेटा बांधा, पण गदा नको.

पायरी ३ : रिंगच्या आधी गिऱ्हाईक

तमाशाचे फड कसे चालतात ते ठाऊक असेल तर हा धंदा अर्धा कळला म्हणून समजा. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख ठरते, सुपारी म्हणजे खेळाची रक्कम ठरते, इसार दिला जातो. त्या रात्री प्रेक्षक किती आले यावर फडमालकाची रोजीरोटी ठरत नाही. रेसलिंग कंपनीलाही अशाच सुपारीच्या तारखा हव्यात.

जिल्ह्यात यात्रांना तोटा नाही. चंपाषष्ठीला ओझरला खंडेरायाचे बारागाडे, पौषात नैताळ्याची मतोबा यात्रा आणि चंदनपुरीचा खंडोबा, सटाण्याला देव मामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा, आणि चैत्र-वैशाखात तर गावागणिक. बऱ्याच ठिकाणी कुस्त्यांचा फड ठरलेलाच असतो. तिथं ‘कुस्त्या बंद करा, आमचं घ्या’ म्हणून जाऊ नका, दारातूनच परत यावं लागेल. दुपारी मातीतल्या कुस्त्या, रात्री दिव्यांच्या उजेडात आपली रिंग, असा प्रस्ताव ठेवा. ऑर्केस्ट्रावर जे पैसे जातात त्यातला वाटा मागा, पैलवानांच्या इनामातला नको.

प्रायोजकत्वाची पद्धतही कुस्तीच्या फडानं आधीच घालून दिली आहे. रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामी कुस्तीपर्यंत प्रत्येक जोडीमागं एक देणगीदार असतो आणि निवेदक हलगीच्या तालावर त्याचं नाव दहा वेळा घेतो. तेच करा. अख्ख्या शोला एकच मोठा प्रायोजक शोधत बसण्यापेक्षा आठ लढती आठ जणांना विका: ठिबकवाला, ट्रॅक्टरची एजन्सी, द्राक्षाच्या औषधांचा डीलर, सराफ, पतसंस्था, अकरावी-बारावीचा क्लास. २१ हजारांत माइकवर नाव, रिंगच्या एका बाजूला बॅनर आणि लढतीच्या व्हिडिओवर पट्टी. एवढा चेक त्यांना वरिष्ठांना न विचारता फाडता येतो, हे महत्त्वाचं.

पायरी ४ : रिंग आणि माणसं

रिंग परदेशातून मागवायची गरज नाही. अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीतला चांगला फॅब्रिकेटर ड्रॉइंग दिलं तर बनवून देतो. अठरा फूट चौरस पुरते. लोखंडी बीम, चार खांब, वर लाकडी फळ्या, त्यावर फोम आणि घट्ट ताणलेलं कॅनव्हास. त्याला दोन गोष्टी ठणकावून सांगा. एक, सगळे भाग नट-बोल्टनं जुळणारे आणि एका आयशरमध्ये मावणारे हवेत. दुसरी, फळ्या बीमवर अगदी जखडून टाकायच्या नाहीत. माणूस पाठीवर पडला की फळी किंचित दबली पाहिजे आणि ‘धाड’ असा आवाज आला पाहिजे. मागच्या रांगेतल्याला चेहरा दिसत नाही, त्याला तो आवाजच दिसतो. रिंगखाली एक साधा माइक ठेवून तो आवाज स्पीकरवर घ्या.

माणसं निवडताना नावाजलेल्या मल्लाच्या मागं लागू नका. ज्याला अजून मैदान मारायचं आहे त्याला ‘आज तू हरायचं’ असं सांगणं त्याचा अपमान आहे, आणि त्याचे वस्ताद तुम्हाला तालमीच्या पायरीवरही उभं करणार नाहीत. तिशी ओलांडलेले, स्पर्धा थांबवलेले पैलवान, मल्लखांबातली पोरं, ज्यूदो-कबड्डीवाले, आणि एक-दोन नाटकातली माणसं असा संच जमवा. मल्लखांबवाल्याला अंगावर ताबा असतो, नाटकवाल्याला माइक पकडता येतो, पैलवानाला पकड कळते. या तिघांना एकमेकांचं शिकवायला निदान सहा महिने लागतात, आणि त्या काळात एकही जाहीर शो नको. कुठलाही डाव शिकवण्याआधी मान सांभाळून पाठीवर पडायला शिकवा. घाई इथं हाड मोडून वसूल होते.

पायरी ५ : खलनायक घरचा हवा

ही पायरी हिशेबात दिसत नाही, पण लोक परत येतात ते हिच्यामुळं. जाकिटावर कवट्या छापलेला ‘द डेथ मशीन’ निफाडमध्ये कुणालाच घाबरवत नाही. त्याऐवजी पांढरे बूट, बोटात अंगठ्या, हातात वही असा एक जाडजूड गडी कांद्याचा व्यापारी बनून येऊ द्या. तो रिंगमध्ये चढतो, माइक घेतो, गर्दीकडे न बघता वहीत काहीतरी खरडतो आणि म्हणतो, ‘माल ओला आहे. चारशे लावा. पटत नसेल तर आजपासून लिलाव बंद.’ लासलगावच्या कांदा पट्ट्यातल्या कुठल्याही गावात त्यानंतर ढोल-ताशे लावायची गरज नाही. (त्या शोला व्यापारी असोसिएशनचा बॅनर असेल तर वही बदला.)

जात, धर्म, देव यांना मात्र रिंगपासून लांब ठेवा. मालेगावात कुस्तीचे दर्दी दोन्ही बाजूंना आहेत आणि एकाच आखाड्याभोवती बसतात. तिथं धर्माचा खलनायक उभा करून टाळ्या घ्यायचा मोह म्हणजे धंदाही बंद आणि पोलीस ठाण्याच्या वाऱ्याही.

पायरी ६ : कागदपत्रं

भागीदार एकाहून जास्त असतील तर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड करा, कारण कुणी जखमी झालं तर घरदार अडकायला नको. नाव आणि चिन्ह वर्ग ४१ मध्ये, म्हणजे मनोरंजन सेवांच्या वर्गात, ट्रेडमार्क करा. वैयक्तिक अर्जदाराला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये आहे. प्रत्येक खेळाडूबरोबर मराठीत करार करा आणि पात्राचं नाव कंपनीचं की त्याचं, ते त्यातच लिहा. गट अपघात विमा घ्या. कुणी ‘आपले पोरं आहेत, कशाला’ म्हणालं तरी घ्या.

शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात स्थानिक ठाण्याची परवानगी, अग्निशमनचा दाखला, मांडव-गॅलरीच्या मजबुतीचं प्रमाणपत्र, ध्वनिक्षेपकाची परवानगी, गाण्यांचे परवाने आणि जागेवर रुग्णवाहिका, एवढं धरून चला. रात्री दहानंतर आवाज बंद, म्हणजे मुख्य लढत साडेनऊच्या आत सुरू झाली पाहिजे. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर प्रवेशावर जीएसटी माफ आहे, प्रायोजकाच्या रकमेवर मात्र १८ टक्के लागतो. प्रायोजकाशी बोलताना ‘अधिक जीएसटी’ हे शब्द पहिल्याच वाक्यात यायला हवेत. नंतर आठवण करून दिली की तो म्हणतो, त्यातच धरा.

पायरी ७ : एका शोचं गणित

खालचे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुम्ही स्वतःची कोटेशनं घ्या आणि त्यांच्या जागी घाला. पद्धत महत्त्वाची.

शहरातला एक हॉल शो घेऊ, ८०० खुर्च्यांचा. जागा निवडताना एक लक्षात ठेवा. कालिदास कलामंदिर कितीही देखणं असलं तरी तिथं प्रेक्षक एकाच बाजूला बसतो, रिंगला चारही बाजू लागतात. हिरावाडीच्या मीनाताई ठाकरे क्रीडा संकुलासारखी इनडोअर जागा किंवा मोठं लॉन बघा.

भाडं, वीज आणि जनरेटर ६०,०००. लाइट, साउंड, एलईडी १,१०,०००. रिंगची ने-आण आणि जोडणी २५,०००. चौदा खेळाडू सरासरी ६,००० प्रमाणे ८४,०००. प्रवास, जेवण, मुक्काम ४५,०००. कॅमेरे आणि एडिटिंग ५०,०००. परवानग्या, विमा, डॉक्टर, रुग्णवाहिका ४०,०००. बाउन्सर, बॅरिकेड, सफाई ३०,०००. जाहिरात ४५,०००. पंच, निवेदक, हलगीवाले २१,०००. बेरीज ५,१०,०००.

आता तिकीट. २५० रुपयांचं तिकीट लावून सगळ्या ८०० खुर्च्या विकल्या, एकही पास वाटला नाही, असं स्वप्न धरलं तरी २,००,००० होतात. खर्चाच्या निम्मेही नाहीत. प्रत्यक्षात पास मागणाऱ्यांची रांग नगरसेवकापासून सुरू होऊन ज्यानं फ्लेक्स लावला त्याच्या मेहुण्यापर्यंत जाते. ५०० खुर्च्या खऱ्या पैशात गेल्या, सरासरी २२० सुटले, ऑनलाइन कमिशन वजा जाता हाती १,०५,०००. आठ लढतींचे १,६८,०००, मुख्य प्रायोजक १,५१,०००, खाण्याचे स्टॉल २०,०००, टी-शर्टांवरचा नफा १५,०००. एकूण ४,५९,०००. म्हणजे बऱ्यापैकी जमलेल्या शोलाही ५१,००० ची खोट.

यात्रेतला शो वेगळा. स्टेजची जागा, वीज, बॅरिकेड, गावची परवानगी कमिटीकडे. तुमच्या अंगावर रिंगची ने-आण २५,०००, खेळाडू ८४,०००, प्रवास-जेवण ४५,०००, पंच-निवेदक २१,०००, पूरक लाइट-साउंड ४०,०००, कॅमेरा २०,०००, विमा-रुग्णवाहिका १५,०००. एकूण २,५०,०००. सुपारी ३,००,००० मिळाली तर ५०,००० सुटतात. तुमच्या तालुक्यात एवढी सुपारी देणारी गावं किती, हे कमिट्यांना भेटून विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. सगळा डोलारा या एका आकड्यावर उभा आहे.

पायरी ८ : वर्षाचा ताळेबंद

चार हॉल शो आणि बारा यात्रा धरा. हॉलमध्ये २,०४,००० गेले, यात्रांत ६,००,००० आले, शिल्लक ३,९६,०००. आता दर महिन्याचा ठरलेला खर्च: सरावाच्या शेडचं भाडं २०,०००, प्रशिक्षक ३०,०००, हिशेबनीस-फोन-किरकोळ १०,०००, फोम-कॅनव्हासची डागडुजी ५,०००. महिना ६५,०००, वर्षाला ७,८०,०००. शोमधून राहिलेलं सगळं यात जातं आणि वर ३,८४,००० चा खड्डा राहतो. बहुतेक नव्या कंपन्या इथंच बसतात. शो दणक्यात होतो, रील लाखभर लोक बघतात आणि जुलैत शेडचं भाडं थकतं.

खड्डा बुजवते ती तालीम. त्याच शेडमध्ये सकाळ-संध्याकाळ वर्ग घ्या. महिना १,५०० रुपये देणारे २५ जण वर्षभर टिकले तर ४,५०,००० येतात आणि वर्ष ६६,००० नं वर राहतं. आनंद करायला हरकत नाही, पण रिंग, मॅट, पेहराव यांत सुरुवातीला घातलेले ६,००,००० पाच वर्षांत वाटले तर वर्षाला १,२०,००० धरावे लागतात. म्हणजे खरा हिशेब उणे ५४,०००. बाराच्या जागी चौदा यात्रा मिळाल्या तर ४६,००० चा पहिला खराखुरा नफा. पाच लाखांचा शो करणाऱ्या कंपनीला वर्षाअखेर शेचाळीस हजार, हे ऐकून ज्याचा चेहरा पडतो त्यानं भागीदार होऊ नये.

मग हॉल शो करायचेच कशाला? कारण यात्रा कमिटीला दाखवायला व्हिडिओ तिथंच बनतो. ते चार शो म्हणजे तुमचा जाहिरातखर्च, त्यापेक्षा जास्त करू नका. यूट्यूबच्या पैशावरही भिस्त ठेवू नका. जाहिरातींचा वाटा सुरू व्हायलाच १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास बघणं लागतं, आणि त्यानंतरही जे येतं त्यातून एडिटरचा पगार निघाला तरी पुष्कळ.

पायरी ९ : तारखा

पावसाळ्यात उघड्यावरचं काम शून्य, म्हणून जून ते सप्टेंबर सराव, वर्ग आणि प्रायोजकांच्या गाठीभेटी. नवरात्रात मंडळांकडून एखाद-दुसरी तारीख मिळते. खरा हंगाम मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचे पैसे हातात येतात तेव्हा, फेब्रुवारी ते एप्रिल, गावं सढळ असतात. गारपीट झाली की त्याच गावात सुपारी निम्म्यावर येते. त्यामुळं सगळ्या तारखा एकाच पट्ट्यात घेऊ नका. कांद्याचं गाव, द्राक्षाचं गाव, एमआयडीसीलगतचं गाव, असं मिसळून घ्या. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या काळात शहरात बंदोबस्त, खोल्या, मांडववाले, काहीच तुमच्या वाट्याला येणार नाही. हॉल शो त्याआधी उरकून घ्या.

कमिटीशी बोलणं ठरलं की निम्मी सुपारी इसार म्हणून घ्या, उरलेली रिंग उभी झाल्यावर आणि पहिली घंटा वाजायच्या आत. अवकाळी पावसानं शो रद्द झाला तर गाडीभाडं आणि खेळाडूंचं निम्मं मानधन कमिटीनं द्यायचं, हे लेखी घ्या. सही अध्यक्षाची आणि खजिनदाराची, दोघांचीही. पुढच्या वर्षी कमिटी बदलते, खजिनदार बहुधा तोच असतो.